दुसऱ्या व्हायोलिनच्या मामी

आमच्या मामी भाजीवाल्याशी अहिराणीत भांडायच्या. यात नवल ते काय, असं सुरतेच्या नवागाममधलं कोणीही म्हणेल. तिथली निम्मी वस्ती खानदेशातून लूमवर कामाला आलेली. पण मामी सहा फुटांना दोन बोटं कमी, डोळे निळे, केस वाळल्या गवताच्या रंगाचे. नवा भाजीवाला आधी "मॅडम, मॅडम" करत भाव दुप्पट सांगायचा. मामी टोपलीत हात घालून म्हणायच्या, "वांगा सडेल शेतस, भाऊ!" मग तो बिचारा वांगी सोडून त्यांच्याकडेच बघत राहायचा.

गल्लीत त्यांना रशियनबाई म्हणायचे. हे एक सोडून मामींना कशाचा राग यायचा नाही. "मी रशियन नही शे. लिथुआनियानी शे," असं त्या प्रत्येकाला थांबवून सांगायच्या. गल्लीला तो देश नकाशात कुठे आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण मामी सांगायच्या थांबल्या नाहीत.

मामा माझ्या आईच्या गावचे, अमळनेरकडचे, म्हणून मामा. लिथुआनिया सोव्हिएत राज्यात होता त्या काळात ते तिथे कापडाचं इंजिनिअरिंग शिकायला गेले. एका गिरणीच्या कँटीनमध्ये दुपारच्या सुट्टीत चार मुली वाजवत होत्या. दोन व्हायोलिन, व्हायोलिनची थोरली बहीण शोभावी असा व्हायोला आणि गुडघ्यांमध्ये धरायचा चेलो. दुसऱ्या व्हायोलिनवरची मुलगी म्हणजे मामी. मामांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. "हा एकटाच जेवण सोडून ऐकत होता," मामी सांगायच्या, "म्हणून लग्न केलं." लग्न केलं आणि सुरतला आल्या. चौघींचा तो चमू मात्र तिघींवर आला.

त्या चमूच्या गोष्टी ऐकतच आम्ही गल्लीतली मुलं मामींकडे व्हायोलिन शिकलो. थंडीत हॉल तापवलेले नसत, मग बोटं कापलेले हातमोजे घालून वाजवायचं. शेतांवर, शाळांमध्ये, इस्पितळांत, बोलावतील तिथे जायचं. चौघी इतक्या जवळ बसायच्या की गजाला गज लागेल. जोरात वाजवून टाळ्या घेणं त्यांना पसंत नव्हतं. उलट शेवटच्या रांगेतला माणूस खुर्चीच्या कडेला सरकून बसेल इतकं हळू वाजवायच्या. पुढे देश स्वतंत्र झाला, चमूचं नाव झालं, परदेशी दौरे सुरू झाले, रेकॉर्ड निघाल्या. तोवर मामी सुरतेत होत्या आणि दुसऱ्या व्हायोलिनवर दुसरी बाई होती.

सगळ्या गोष्टींत मामींचा जीव एका गोष्टीत होता: श्वास. चौघींना एकदम सुरुवात करायची तर कोणीतरी खूण द्यायला हवी. बहुतेक चमूंत ती पहिलं व्हायोलिन देतं. यांच्यात दुसऱ्याने द्यायची, हा त्यांचा रिवाज. मामी नाकाने एक श्वास आत घ्यायच्या, बाकीच्या तिघींना तो ऐकू जायचा, आणि तो संपेल तिथे चार गज एकदम तारेवर यायचे. "पहिलीकडे सगळं जग बघतं," त्या म्हणायच्या. "दुसरीकडे फक्त बाकीच्या तिघी." या श्वासाची तालीम कधी करायची नाही, हाही रिवाजच. तालीम केली की तो खोटा होतो म्हणे.

आमची पंचाईत अशी, की आम्ही लूमच्या खटखटीत वाढलेली पोरं. ताल कसा पक्का, पण कापडाचा ताका उलगडावा तसं सरळ वाजवत सुटायचो. मामी गजानेच टेबलावर ठोकायच्या. "लूमले श्वास लागस नही, तुले लागस! आठे बठ, आधी श्वास घे." एखाद्या दिवशी तासभर आम्ही फक्त श्वास घ्यायचो. माझा बाप दारातून डोकावून विचारायचा, "पोरगी वाजवणार कधी, का दमाच लावून घेणार?" मामी त्याला बीट आणि ताकाचं आपल्या देशाचं थंड गुलाबी सार प्यायला देऊन गप्प करायच्या. ते सार पिऊन माणूस खरंच बराच वेळ बोलत नसे.

मामा गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, मामी आता परत जातील. त्या गेल्या नाहीत. "मन्हा माणूस तापीमा शे," एवढंच म्हणाल्या. त्यांनी देश सोडला तेव्हा चेलोवाल्या रूताबाईंनी बोलणं टाकलं होतं. मामांच्या जाण्यानंतर त्यांचाच फोन आला. दोघी म्हाताऱ्या फोनवर अशा रडल्या की मी चहा करायच्या निमित्ताने आत पळाले. मग आठवड्याला फोन व्हायला लागले. एकदा दोघींनी व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवूनही पाहिलं. इकडचा सूर तिकडे पोचेपर्यंत तिकडची पुढे गेलेली असायची. एकीने थांबावं तर दुसरीही थांबायची. दोन ओळींत दोघींनी हात टेकले. मामी हसल्या, पण व्हायोलिन पेटीत ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यांच्या चमूची नवी रेकॉर्ड लावायची असली, की बटण दाबण्याआधी त्या श्वास घ्यायच्या. दरवेळी. ऐकून झालं की म्हणायच्या, "नवी दुसरी चांगली आहे." मला ते ऐकवायचं नाही.

मग मामींची फुप्फुसं सुकायला लागली. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं. त्याचा अर्थ एवढाच होता, की श्वास दिवसेंदिवस आखूड होणार. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. व्हायोलिन खांद्यावर धरवेना. आणि तेवढ्यात रूताबाईंचा फोन आला, की आता आमचीही बोटं दमली, चमू बंद करतोय. शेवटचा कार्यक्रम राजधानीत, एका रविवारी दुपारी. शेवटची रचना त्यांच्या एका जुन्या शिक्षकांनी चौघींसाठी लिहिलेली. ती वाजवताना नवी दुसरी आपणहून खुर्ची सोडणार. खुर्ची रिकामी राहील, दुसऱ्या व्हायोलिनच्या जागाही रिकाम्या राहतील. खुर्चीवर एक फोन ठेवू, त्यातून तू फक्त श्वास दे.

एकत्र वाजवायला फोन चालत नाही, पण सुरुवातीला चालेल, कारण श्वास उशिरा पोचला तरी त्याच्यानंतरच सगळं सुरू होणार होतं! मामींचा चेहरा असा उजळला, की मी त्यांना कित्येक वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. आदल्या दिवशी फोन लावून पाहिला. आवाज स्वच्छ पोचत होता, गप्पा झाल्या. मी म्हटलं, "मामी, एकदा श्वासही घेऊन बघा ना." त्यांनी असं पाहिलं, जसं मी देवघरात चपला घालून आले होते.

रविवारी आमच्याकडे चारच्या चहाची वेळ होती. मामींनी मामांनी घेतलेली पैठणी नेसवून घेतली, उशांना टेकून बसल्या. मशीनची घरघर फोनमध्ये जाऊ नये म्हणून ते बंद करायला लावलं, नाकातली नळी स्वतः काढली. फोनमधून खोकल्याचे एक-दोन आवाज आले, मग तिकडचा सगळा हॉल गप्प झाला. मामींनी डोळे मिटले, खांदे उचलले आणि श्वास घेतला. लांब, सरळ, मध्ये कुठे न अडकलेला. तो कुठून आणला ते त्यांनाच माहीत.

तिकडे जरा वेळ काहीच झालं नाही. लांबचा रस्ता, मी मनात म्हटलं. मग तीन वाद्यं एकदम सुरू झाली.

"ऐकू उना का तेस्ले?" मामींनी डोळे न उघडता विचारलं.

"उना, मामी. उना."

रचना संपेपर्यंत त्यांच्या डाव्या हाताची बोटं पैठणीच्या पदरावर रिकाम्या जागा भरत होती. नळी परत लावू दिली ती टाळ्या संपल्यावर. त्याच आठवड्यात त्या गेल्या. मामांना जिथे सोडलं होतं तिथेच, तापीत, आम्ही त्यांना सोडून आलो.

महिन्याने रूताबाईंचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, तुला हे माहीत असायला हवं. हॉलमध्ये श्वास ऐकू आलाच नव्हता. बोलणं किंवा सूर सोडून जे काही असेल, पंख्याची घरघर म्हणा, रस्त्यावरचा गोंगाट म्हणा, ते फोन आपणहून पुसून टाकतो. मामींचा श्वास त्याने त्यातच धरला. तिघी रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबल्या. शेवटी कोणी कोणाला खूण न करता तिघींनी मिळून तो घेतला. "तिचा श्वास किती लांब असतो, ते आम्हाला ठाऊक होतं," रूताबाई म्हणाल्या.

त्यांनी रेकॉर्डिंगही पाठवलंय. मोठी शांतता, आणि मग तिघींचा मिळून एक श्वास, अगदी स्पष्ट. मामींसारखाच लांब. मी तेवढाच ऐकते. गज तारेवर आले की बंद करते. पुढचं मामींशिवाय ऐकवत नाही.