पक्ष्यांना मोजता येत नाही

माझ्या धाकट्या बहिणीचं, श्यामलाचं लग्न आम्ही पुरुषोत्तमरावांशी लावून दिलं, तेव्हा त्यांना फोटोंचा नाद आहे एवढंच कळलं होतं. कारखान्यात ड्राफ्ट्समन, के. आर. पुरमला स्वतःचं घर, सुपारीचंही व्यसन नाही. सुट्टीच्या दिवशी पक्ष्यांचे फोटो काढतो म्हटल्यावर बाबा तर हरखूनच गेले. मला आता वाटतं, दारू पीत असता तर निदान रविवारी घरी पडून तरी राहिला असता.

परदेशात फोटोंची प्रदर्शनं भरत, तिथे पुरुषोत्तमराव स्लाइड पाठवत. तिकडून जाडजूड पुस्तिका यायच्या. त्यांत आफ्रिकेतले सिंह, बर्फावरची अस्वलं, पेंग्विनांचे थवे. हे गृहस्थ कधी म्हैसूरच्या पुढे गेले नव्हते. पण त्या सिंहांच्या पंगतीला आपला हेब्बाळच्या तळ्यावरचा पक्षी बसावा आणि आपल्या नावापुढे तिकडच्या पदवीची अक्षरं लागावीत, यापलीकडे त्यांना जगात काही दिसत नव्हतं. बायको तर नाहीच नाही.

श्यामलाचं काम होतं निघून जाण्याचं. घरट्यासमोर हिरव्या कापडाचं लपण उभारायचं, म्हणजे माणूस बसेल एवढा तंबू. आत माणूस आहे हे कळलं तर पक्षी घरट्यावर येत नाही. म्हणून दोघांनी आत शिरायचं, आणि एकानं बाहेर पडून दूर चालत जायचं. पक्ष्याला वाटतं, माणसं गेली. "पक्ष्यांना मोजता येत नाही!" हे पुरुषोत्तमराव पाहुण्यांना मोठ्या खुशीत सांगायचे. काम झालं की तिनं परत यायचं आणि त्यांना सोबत घेऊन निघायचं. रिकाम्या समजलेल्या तंबूतून अचानक माणूस निघाला तर पक्षी बिथरतो, कधी अंडीही टाकून जातो.

लग्नानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात बहीण हेब्बाळच्या तळ्याकाठानं अशी निघून जात राहिली. लांबच्या एका झाडाखाली बसून ती वाती वळायची. तिचं मागणं एकच होतं. "अहो, एकदा मलाही आत बसू द्या की. मलाही पिल्लं बघायचीत." त्यावर उत्तर ठरलेलं. "दोघं बसलो तर बाहेर कोण जाणार?"

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये घाणेरीच्या झुडपात बुलबुलाचं घरटं सापडलं. पिल्लं नुकतीच डोळे उघडत होती. समोर पानं आडवी येत होती, म्हणून त्यांनी श्यामलाला फांद्या ओढून सुतळीनं मागे बांधायला लावल्या. फोटो झाले की फांद्या लगेच सोडायच्या, हा या फोटोवाल्यांचाच नियम. दुपारी ती परत आली तेव्हा घरटं रणरणत्या उन्हात होतं आणि मादी पंख पसरून, चोच वासून पिल्लांवर उभी होती. माणूस पाहूनही ती उडाली नाही.

"अहो, फांद्या सोडते," श्यामला म्हणाली.

"हात लावू नकोस!" तंबूतून आवाज आला. "असा क्षण जन्मात मिळत नाही. स्वल्प थांब."

तो स्वल्प रोल संपेपर्यंत चालला. तिनं सुतळी सोडली तोवर पिल्लांनी माना टाकल्या होत्या. पुरुषोत्तमराव रोल गुंडाळत म्हणाले, "बुलबुल काय, पुन्हा अंडी घालतात."

स्लाइडला त्यांनी नाव दिलं 'मातृछाया'. घरी बोलावून मला दाखवली. "बघा, आईचं प्रेम!" मी बघितलं. झाडाची सावली यांनीच काढून घेतली होती, आणि आता आईच्या सावलीचं कौतुक मला सांगत होते. किळस आली मला त्या माणसाची.

परदेशी पाठवायच्या स्लाइड आधी त्यांच्या फोटोग्राफी क्लबात पडद्यावर दाखवत. मी आणि श्यामलाही गेलो होतो. 'मातृछाया' लागली आणि सगळं सभागृह 'वा' म्हणालं. पुरुषोत्तमरावांची छाती फुगली. तेवढ्यात क्लबचे सेक्रेटरी सूर्यकांत पडद्याजवळ गेले आणि त्यांनी कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे सुतळीची गाठ होती, पडद्यावर चांगली मुठीएवढी. निसर्गाच्या फोटोत माणसाचा हात दिसता कामा नये.

"सरी, पुरुषोत्तम," सूर्यकांत कानडीत 'बरं तर' म्हणावं तसं म्हणाले, "ही बाद."

पुरुषोत्तमराव आमच्याकडे वळले. "हिला साधी गाठ लपवता येत नाही!" ते सगळ्यांदेखत म्हणाले. लोक हसले. पिल्लांचं पुढं काय झालं, हे तिथे एकानंही विचारलं नाही. श्यामलाही लोकांबरोबर हसली, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी हिरवी दोरी आणली. झाल्या प्रकारातून ते एवढंच शिकले होते.

नवं घरटं, त्यात अंडी. रविवारी सकाळी दोघं लपणात शिरले. श्यामला बाहेर पडली आणि नेहमीसारखी चालू लागली. झाड आलं, पण ती थांबली नाही. मोठ्या रस्त्यावर तिनं बस धरली आणि थेट आमच्या घरी आली. माझ्या बायकोनं, प्रतिमानं विचारलं, "पुरुषोत्तमराव कुठंयत?"

"आत बसलेत," ती म्हणाली आणि शांतपणे जेवून झोपली.

दिवेलागणीला ते आले. पाय आखडलेले, मानेवर मुंग्या चावल्याचे फोड. दारातूनच ओरडले, "कुठं मेली होतीस? दिवसभर वाट बघून शेवटी एकटाच बाहेर पडलो! पक्षी बिथरला, अंडी टाकून गेला. सगळा सीझन घालवलास माझा!"

बायको लॉरीखाली सापडली की तळ्यात पडली, हे त्यांनी विचारलं नाही. मी बाह्या सरसावून पुढे झालो, पण श्यामलानं मला हातानं मागे सारलं.

"दोघं आत शिरले आणि एक निघून गेलं, की आत कुणीच उरलं नाही, असंच ना?" ती म्हणाली. "मीही तसंच धरलं."

तिनं दार लावलं. मग आत जाऊन रात्रीच्या जेवणाची पानं मांडली, आम्हा तिघांची.