नानांचा पाना आणि जपानी गाडी

किस्से जमावेत तर गॅरेजच्या दारात. गाडी दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाइकाला बोलण्यावाचून दुसरा धंदाच नसतो! पण उंब्रजच्या नाना मिस्त्रींच्या गॅरेजात सगळ्यात जास्त किस्से जमले, ते दुरुस्तीला कधीच न आलेल्या एका गाडीचे.

मी तेव्हा तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवत होतो. शाळा सुटली की गॅरेजबाहेर टाकलेल्या एसटीच्या जुन्या सीटवर माझी बैठक. साल एकाहत्तर-बहात्तर असेल. मिलिटरीतून रिटायर झालेले, ऊसवाले आमचे सुभेदार दिल्लीला गेले आणि तिथल्या कुठल्याशा वकिलातीची जुनी जपानी गाडी लिलावात घेऊन, स्वतः चालवत परत आले.

नानांनी पहिला प्रश्न विचारला, "वाटंत कुटं कुटं बंद पडली?"

"कुटंच न्हाई."

"आवं, लाजताय कशापायी? आमी काय परकं हाय?"

सुभेदारांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, "चालत्या गाडीला मिस्त्रीचा हात लावू देनार न्हाई. बिघडली तर आणीन!"

सातारा ते सांगली रस्त्यावर नानांनी बॉनेट उघडलं नाही अशी गाडी नव्हती. त्या दिवसापासून त्या माणसाची झोपच उडाली. ही गाडी एकदा बंद पडावी आणि आपल्याच हातानं चालू व्हावी, देवाकडं एवढंच मागणं उरलं!

* * *

सुभेदारांच्या आधीच्या गाडीला रोज सकाळी चार माणसं धक्का मारायची. गल्लीचा रिवाजच होता तो. जपानी गाडीत सुभेदार पहिल्या दिवशी बसले आणि चौघं सवयीनं मागं लागले. गाडी निघाली. पण इंजिनाचा आवाजच येईना, म्हणून बिचारे ढकलतच राहिले. थेट वेशीपर्यंत! तिथं सुभेदारांनी काचेतून मुंडकं बाहेर काढलं.

"आरं, मगापासनं चालू हाय गाडी!"

चौघं धापा टाकत थांबले. त्यातला म्हातारा म्हणाला, "मग आदी सांगायचं न्हाई व्हय? आमास्नी वाटलं, लय हलकी हाय!"

* * *

गाडीबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं होतं. सगळं जपानीत. नानांनी ते सुभेदारांकडून गोड बोलून आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाचा मास्तर. जपान तुमच्याच विषयात येतंय न्हवं?"

भोवती दहा माणसं जमलेली. नाही म्हणायची सोय नव्हती. मी पानं उलटली, चित्रं बघितली, चष्मा पुसला आणि म्हणालो, "वेळच्या वेळी ऑइल बदला, असं लिहिलंय."

नानांनी पुस्तकाची जाडी चिमटीत धरून बघितली. "येवड्यात निस्तं येवडंच?"

"बाकी प्रस्तावना आहे," मी म्हणालो.

* * *

खरा घोटाळा झाला पलूसला. सुभेदारांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला जायचं होतं. बोलावणं दहाचं. आमच्याकडं तेव्हा मोटारीनं जायचं तर निम्मा वेळ प्रवासाचा आणि निम्मा बंद पडण्याचा धरायची पद्धत. तसा वेळ धरून मंडळी सहाला निघाली आणि साडेसातला दारात हजर! मुलीचे वडील तोंडात राखुंडी घेऊन उभे.

"मदी बंद न्हाई पडली?"

"न्हाई."

"मग येवडी घाई कशाची? पोरात काय खोट हाय का?"

सोयरीक मोडता मोडता राहिली. तेव्हापासून सुभेदार कुठल्याही गावाच्या अलीकडं लिंबाखाली गाडी लावायचे आणि थर्मासातला चहा पीत तासभर बसायचे. बॉनेट उघडं ठेवून, बघणाऱ्याला बरं दिसावं म्हणून.

एका ट्रकवाल्यानं ते बघितलं आणि नानांना बातमी दिली. नानांनी हातातलं काम टाकलं, पिशवीत पाने भरले आणि मिळेल त्या ट्रकनं लिंबाखाली पोचले.

"काय झालं सुभेदारसाहेब?"

"काय न्हाई. येळ काडतोय. च्या घ्या."

नाना चहा न घेताच मागं फिरले. मला खरंच वाईट वाटलं त्यांचं.

* * *

एकदा सुभेदार बायकोला डोळे दाखवायला मिरजेला निघाले. नानांनी मागची सीट धरली, शेजारी मी. दवाखान्यासमोर गाडी थांबताच नाना पळत गेले आणि ओळखीच्या एका तंबोरे बनवणाऱ्या चाचांना घेऊन आले.

"चाचा, तुमचा कान बारीक हाय. इंजिनात कुटंतरी खरखर असंल, तेवडी शोदा."

सुभेदारांनी हसत इंजिन चालू ठेवलं. चाचांनी बॉनेटवर कान टेकला, डोळे मिटले. पाच मिनिटांनी उठून टोपी नीट केली.

"नाना, असं वाद्य माझ्याकडं दुरुस्तीला आलं, तर मी हात जोडतो आन् परत पाठवतो."



* * *

पुढं पेट्रोल भडकलं आणि सुभेदारांनी गाडी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला विकली. देण्याच्या आदल्या दिवशी ती पहिल्यांदा गॅरेजच्या दारात उभी राहिली.

"नाना, उद्या जाती ही. एकदा बगून घ्या," सुभेदार म्हणाले.

नानांनी साबणानं हात धुतले. कामाच्या आधी हात धुणारे नाना मी तेव्हाच बघितले! बॉनेट उघडून अर्धा तास नुसते बघत राहिले. मग पाना घेतला, एका नटाला लावला, पाव फेरा फिरवला आणि बॉनेट बंद केलं. डोळ्यांत पाणी.

"सैल हुता व्हय?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई."

आठवड्यानं सांगलीहून निरोप आला. गाडी बंद पडलीय, इथल्या तीन मिस्त्र्यांना काही उमजेना, उंब्रजच्या मिस्त्रीला ताबडतोब पाठवा.

नानांनी लग्नातला कोट चढवला. पिशवी काखेला मारली. एसटी स्टँडवर कंदी पेढ्यांचा पुडा सोडला आणि दिसेल त्याच्या हातावर एकेक ठेवत सुटले. मीही खाल्ला. कंडक्टरनं पेढा तोंडात टाकत विचारलं, "काय नाना, नातू झाला जनू?"

"छ्या! नातवाचं काय घिऊन बसलाय," एसटीच्या पायरीवर चढता चढता नाना ओरडले, "बंद पडली गड्या, बंद पडली!"