लटारूची रिकामी बंडी

लटारू अहेरीकडचा बंडीवाला, म्हणजे बैलगाडी हाकणारा. छप्पन सालच्या हिवाळ्यात सरकारनं जंगलातल्या गरिबांसाठी फुकट घोंगड्या पाठवल्या. वाटपाच्या बाबूनं बहुतेक बाजारात विकल्या आणि उरलेला एक गठ्ठा लटारूच्या बंडीत घातला. वाटपासाठी आलेले मोठे साहेब गावोगावी आपल्या हातानं घोंगड्या वाटत आणि बाबूसोबत डाकबंगल्यावर जेवायला जात. तेवढ्यात बाबूच्या हुकमानं लटारूनं "शिक्का मारायचा राह्यला" असं सांगून त्या परत गोळा करायच्या आणि आडवाटेनं पुढच्या गावी पोचवायच्या. साहेबांनी कधी मागं वळून पाहिलं नाही.

एका गावात म्हाताऱ्या गुणाबाईनं घोंगडी सोडलीच नाही. "साहेबानं मले देल्ली ना? मंग काऊन नेऊन राह्यला, भाऊ?"

लटारूनं घोंगडीवरचा हात काढला. "ठेव बाई," तो म्हणाला. मग गोळा केलेल्याही त्यानं ज्याच्या त्याला परत दिल्या.

पुढच्या गावी साहेबांनी रिकामी बंडी पाहिली. "घोंगड्या कुठं आहेत?"

"तुमी ज्याहीले देल्या, त्याहीच्यापाशीच आहेत, साहेब."

बाबूचा चेहरा उतरला. चौकशी झाली आणि त्याची नुसती बदली झाली. लटारूला मात्र सरकारी भाडं पुन्हा मिळालं नाही. तो बांबू वाहू लागला. कमाई घटली म्हणून बायको कुरकुरायची, पण झाल्या गोष्टीचा त्याला पस्तावा नव्हता.