बेसमेंटमधली बॅग

उल्का मोहरीलला कंजूष म्हणणाऱ्या बायका हॅमिल्टनमध्ये निदान सहा तरी होत्या, आणि त्यांतल्या पाच जणी कणीक सध्या कुठे स्वस्त आहे हे तिलाच फोन करून विचारायच्या. तिला त्याचा राग येत नसे. रागवायलाही अंगात जोर लागतो, आणि तो पहाटे साडेपाचच्या बसमध्येच निम्मा संपलेला असे.

हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिचं काम ट्रे लावण्याचं. पट्टा सरकत राहतो, ट्रेवर कार्ड असतं, कार्डावर असेल ते ठेवायचं. कुणाला साखर नाही, कुणाला मीठ नाही, दात नसलेल्याला सगळं दळलेलं. नागपुरात होम सायन्स करताना आहारशास्त्रात तिला पहिला वर्ग होता. कॅनडात त्या पदवीचा उपयोग एवढाच झाला की बाकीच्या कार्ड वाचत असायच्या तेव्हा हिचा हात पुढच्या ट्रेवर गेलेला असायचा.

नवरा नंदन मेकॅनिकल इंजिनियर. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढली आणि २००९च्या मंदीत कारखान्याला टाळं लागलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी कोण घेतंय? आता आठवड्यातले तीन दिवस एका गोदामात खोकी मोजायची आणि उरलेले चार दिवस गुडघा चोळायचा. मुलगी ईशिता घरी राहूनच युनिव्हर्सिटीत जात होती. घर माउंटनवर. हॅमिल्टनचे लोक शहरामागच्या टेकडीलाच माउंटन म्हणतात, आणि जानेवारीत तिथल्या बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहिलं की ते नाव पटतं.

या घराचा खर्च उल्का महिन्याचा बांधत नसे, वर्षाचा बांधायची. आईकडे उन्हाळ्यात गहू, तांदूळ, तूरडाळ वर्षाची भरली जायची, तशीच ही जानेवारीतल्या पहिल्या रविवारी वर्ष भरायला बसायची. घराचा टॅक्स, गाडीचा इन्शुरन्स, गॅस, हायड्रो म्हणजे वीज, ईशिताची फी. वर्षाच्या वाट्याला आलेले डॉलर एकेका नावावर टाकले की मग बारा महिने त्यात हात घालायचा नाही.

हे सांगायला सोपं आहे. करायचं म्हणजे घरात थर्मोस्टॅट सतरावर ठेवायचा आणि नवऱ्यानं माकडटोपी घालून टीव्ही बघायचा. सप्टेंबरात टोमॅटोची अख्खी पाटी आणून, उकडून, फ्रीझर भरायचा. त्यासाठी पिशव्या विकत आणायच्या नाहीत. दूध पिशवीतूनच येतं, त्याच पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायच्या. दर गुरुवारी आलेल्या फ्लायर्स, म्हणजे दुकानांची सेलची पत्रकं, वाचायच्या आणि एका दुकानाची फ्लायर दुसऱ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवून भाव कमी करून घ्यायचा. मागे रांगेतली माणसं सुस्कारे टाकतात, ती टाकू द्यायची. नव्या मीटरवर रात्री नऊनंतर वीज स्वस्त, म्हणून वॉशिंग मशीन त्याच्या आत लावायचं नाही. वर्षानुवर्षं हे करणाऱ्या बाईला काटकसरीचं कौतुक वगैरे काही उरत नाही. ते ओझं असतं, एवढंच.

यादीत शेवटचं नाव असायचं भारत. सगळ्यांचं भागून उरेल ते भारताला. २००४ साली ती नागपूरला जाऊन आली, त्यानंतर भारताच्या वाट्याचं एका वर्षी घर तापवणाऱ्या फर्नेसनं खाल्लं, एका वर्षी छपरानं, एका वर्षी नंदनच्या दाढेनं, आणि मग नोकरीच गेली. तिकडे आई चौऱ्याऐंशीची झाली. ती दादाकडे, म्हणजे रवींद्रकडे, असायची. दर रविवारी सकाळी पाच डॉलरचं फोनकार्ड खरवडून उल्का नागपूरला फोन लावायची.

जानेवारी २०११च्या दुसऱ्या रविवारी फोन आईनंच उचलला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी उल्का."

"उल्का शाळेत गेली आहे. साडेपाचला येते. तेव्हा कर फोन."

आवाज अगदी नीट, खणखणीत होता.  "बरं" म्हणून उल्कानं फोन ठेवला.  संध्याकाळी नंदन म्हणाला, "ह्या वर्षी जाऊनच ये."

"भारताच्या नावावर सहाशे दहा आहेत. तिकीट साडेतेराशे."

"क्रेडिटवर टाकू."

"त्याचं व्याज कोण, तुमचं गोदाम भरणार? आणि नुसतं तिकीट पुरतं का? एकोणीस घरी काहीतरी द्यायचं आहे. बॅग अजून भरायची आहे."

ही बॅग समजून घ्यायला हवी. कॅनडाहून रिकाम्या हातानं माहेरी जाता येत नाही, हे उल्काला कुणी सांगितलं नव्हतं. ते कुणी सांगावं लागत नाही. २००४ साली ती दोन बॅगा ठासून घेऊन गेली होती. तरी मामी साबणाची वडी नाकाशी धरून म्हणाली होती, "हा तर सीताबर्डीला पण मिळते." आणि एका चुलत नणंदेनं बदामाची पुडी हातावर तोलून पाहिली होती. परत आल्यावर उल्कानं ठरवलं, पुढच्या वेळी आयत्या वेळी महाग घ्यायचं नाही. सेल लागेल तसं थोडं थोडं घ्यायचं. हॅलोवीन झाल्यावर निम्म्या किमतीतली चॉकलेटं, ख्रिसमसनंतरचे सेंटचे डबे आणि साबण, गुडघ्याच्या गोळ्या, व्हिटॅमिनच्या बाटल्या, अंगाला लावायचं क्रीम, बदाम. सगळं बेसमेंटमधल्या मोठ्या निळ्या बॅगेत. बॅग भरत आली की जाणं रद्द व्हायचं. मग तारखा उलटायच्या. चॉकलेटं पांढरी पडायची, ती ईशिता खायची. गोळ्या नंदन खायचा. बदाम खवट व्हायच्या आत शिऱ्यात पडायचे. आणि पुढचा सेल लागला की उल्का पुन्हा पहिल्यापासून सुरू.

त्या आठवड्यात भाड्याची गरम पाण्याची टाकी बदलायला माणूस येणार होता, म्हणून शनिवारी मायलेकींनी टाकीभोवतीची जागा रिकामी करायला घेतली. ईशितानं निळी बॅग ओढली तशी जुनी चेन एका बाजूनं उसवली आणि साबणाचा भपकारा आला.

"ओह माय गॉड, आई. व्हॉट इज धिस?"

"भारताचं सामान. नीट धर."

ईशितानं एक चॉकलेट सोलून तोंडात टाकलं आणि लगेच कागदात थुंकलं. "इट टेस्ट्स लाइक सोप!"

उल्कानं स्वतः एक खाऊन पाहिलं. खरंच साबण. वर्षभर चॉकलेटं आणि साबण एकत्र कोंडले होते. दुसरं काय होणार? खाली बसून ती एकेक वस्तू बाहेर काढू लागली. व्हिटॅमिनची तारीख डिसेंबरात गेलेली. क्रीमची एक बाटली फुटून बदामांच्या पिशवीवर सांडलेली. होम सायन्सच्या पदवीधर बाईनं हे असं भरून ठेवावं, याची तिला लाज वाटली, पण ती तिनं तोंडावर दाखवली नाही.

"हाऊ मेनी टाइम्स हॅव यू फिल्ड धिस थिंग?" ईशितानं विचारलं.

"चार. हे धरून चार."

"अँड इट्स लाइक फोर हंड्रेड बक्स ईच टाइम?"

"छे, छे. चारशे कुठले? सगळं सेलमधलं आहे."

पण ईशिता अकाउंटिंग शिकत होती आणि स्वभावानं आईवर गेली होती. तिनं वर जाऊन आईच्या हिशेबाच्या वह्या आणल्या. वह्यांत बॅगेचं नाव कुठेच नव्हतं. बॅगेतलं सगळं किराण्याबरोबर आलेलं, म्हणून किराण्यात लिहिलेलं. दूध, कांदे, चॉकलेटं. डाळ, बदाम, सेंट. उल्का एकेका ओळीवर बोट ठेवून सांगत गेली, हे बॅगेतलं, हे घरातलं, हे बॅगेतलं. पोरीनं आकडे मोबाइलमध्ये टाकले. तिसऱ्या वहीपाशी उल्काचं बोट आपोआप हळू झालं.

एक हजार सातशे छत्तीस डॉलर.

"यू कुड हॅव गॉन, आई," ईशिता म्हणाली. मग आईचं तोंड पाहून मराठीत म्हणाली, "मी असंच म्हटलं."

उल्का उकिडवी बसून होती. पाच-सहा वर्षांत तिनं कधी बाहेर कॉफी घेतली नव्हती. केस स्वतः कापले होते. दुधाची धुतलेली पिशवी फाटेपर्यंत वापरली होती. आणि आईला भेटायला जायचं तिकीट तिनं साबण आणि बदाम करून बेसमेंटमध्ये नासवलं होतं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण ते आलं नाही. आला तो फक्त थकवा, आणि तोही नेहमीचाच, पायांतून वर चढणारा. ती म्हणाली, "काळी पिशवी आण. मोठी. हे सगळं फेकायचं." एवढं बोलून उठायला तिला पोरीचा हात धरावा लागला.

दुसऱ्या दिवशी रविवार. फोन दादाच्या बायकोनं, उमावहिनींनी घेतला.

"वहिनी, मी येतेय. फेब्रुवारीत. तीन आठवडे."

"अगोबाई! काढलं तिकीट?"

"आज काढते. पण आधी एक ऐका. मी येताना काही आणणार नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. एक बॅग, माझे कपडे. कुणाला काही नाही."

 कार्डावरचे पैसे सरत होते.

"काय सांगून राहिली तू? शेजारच्या काकूंना मी दिवाळीपासून सांगून ठेवलं आहे, उल्का येईन तर गुडघ्याच्या गोळ्या आणीन म्हणून."

"त्याच गोळ्या यांनी सहा महिने खाल्ल्या वहिनी. जिन्यावर अजून कठड्याला धरूनच चढतात."

वहिनींना हसू फुटलं, पण त्यांनी ते आवरलं. "अगं, पण लोक काय म्हणतील? कॅनडात दोघं दोघं कमावतात..."

"एकच कमावतं. यांची नोकरी जाऊन दीड वर्ष झालं."

हे नागपूरला कुणालाच सांगितलं नव्हतं. उल्कानं डोळे मिटले. मागून दादाचा आवाज आला, "कोण आहे गं? काय म्हणते?" आणि वहिनी म्हणाल्या, "काही नाही हो, येऊन राहिली आहे ती. तुम्ही बातम्या बघा." मग त्या फोन घेऊन बहुधा स्वयंपाकघरात गेल्या, कारण मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"दीड वर्ष! आणि दर रविवारी विचारते मी, कसं आहे म्हणून, तर छान आहे म्हणते."

"काय सांगायचं, वहिनी?"

"ते पण खरंच आहे म्हणा." मग त्या म्हणाल्या, "असं कर. बदाम मी इतवारीतून आणून ठेवते. दोन किलो. पुड्या बांधू. तू आणले म्हणून सांगू. ओळखतंय कोण?"

"नको. मी कुणाकडे जाणारच नाहीये. आईजवळ बसणार."

"तू नाही गेली तर ते येतील इथे."

"येऊ देत. चहा देऊ."

"देऊ म्हणे! म्हणजे मीच करणार ना?"

"मी करीन. दिवसाला साडेतीनशे ट्रे लावते मी, दहा कप चहा होईल माझ्यानं."

 वहिनींचा आवाज खाली आला. "लवकर ये उल्का. परवा सकाळी आई मला म्हणाल्या, बाई, तुम्ही कोणाकडच्या? चौतीस वर्षं झाली मला या घरात. रात्री तीनदा उठतात, दार उघडून निघतात. हे झोपलेलेच असतात. आणि मी बदामाचं काय घेऊन बसले तुझ्याशी!" मग घाईघाईनं, जणू हे मागणंही जास्तच होतंय अशा थाटात त्यांनी विचारलं, "तू आली की मी चार दिवस माझ्या भावाकडे वर्ध्याला जाऊन येऊ का? दोन वर्षं झाली, घराबाहेर झोपले नाही मी."

उल्काला बॅगेतली एकही वस्तू आठवली नाही जी ह्या बाईच्या उपयोगाची होती.

"चार कशाला, आठ दिवस जा," ती म्हणाली. "आईचं मी बघते."

"त्या तुला ओळखणार नाहीत कदाचित."

"माहीत आहे."

कार्ड संपल्याची सूचना आली आणि फोन तुटला.

सातशे चाळीस कमी पडत होते. ते जूनच्या टॅक्सच्या हप्त्यातून काढायचे आणि नंदननं शनिवारची पाळी मागून ते भरून काढायचे, असं ठरलं. बांधलेल्या वर्षात तिनं हात घालण्याची ही पहिलीच वेळ. रजा बिनपगारी मिळणार होती, त्याचं कसं करायचं ते अजून ठरलं नव्हतं आणि त्या दिवशी ठरवायची तिच्यात ताकदही नव्हती. नंदन माकडटोपी वर सारून कॉम्प्युटरसमोर बसला होता.

"दोन ठिकाणी बदलायचं आहे. मुंबईला अकरा तास थांबावं लागेल, मग नागपूर. दुसरं दीडशे महाग आहे, त्यात एवढं थांबावं लागत नाही."

"स्वस्तातलं घ्या. बसेन मी अकरा तास. बसायलाच तर मिळत नाही."

"पैसे परत मिळत नाहीत म्हणे याचे. दाबू?"

"दाबा," उल्का म्हणाली, आणि सोमवारच्या पाळीचा डबा भरायला उठली.