उडत्या तबकडीचा कोन

निजामावरच्या पोलीस ॲक्शनला काही वर्षं झाली होती, तरी आभाळात काही चमकलं की आमच्याकडं माणसं आधी विमानच म्हणायची. त्या उन्हाळ्यात, ऊन असतानाच, मावळतीच्या अंगाला एक पांढरा ठिपका दिसायला लागला. रोज, त्याच सुमाराला. पेपरात तेव्हा उडत्या तबकड्यांच्या बातम्या यायच्या. कुणीतरी म्हणालं, "ही तीच!" झालं, तबकडी गावोगाव पोचली.

फटका बसला तो माझ्या धाकट्या बहिणीच्या सोयरिकीला. मुलगा ताडकळसचा, शाळामास्तर. पसंती झालेली, फक्त तारीख धरायची होती. त्याचे वडील आले आणि म्हणाले, "पाव्हणं, राग मानू नका. पण ती बला तुमच्या गावावर उभी हाय. आमच्या अंगणातून सरळ दिसती. ती हालू द्या, मग बघू."

आई आत जाऊन रडायला लागली. मला मात्र हसू आलं. आमचं गाव ताडकळसच्या मावळतीला, आणि आमच्या गावातले शपथेवर सांगत होते की तबकडी पुढच्या गावावर आहे! जो तो आपली बला मावळतीच्या शेजाऱ्याच्या माथी मारत होता.

"मामा, मोजून बघू," मी मास्तरांच्या वडलांना म्हणालो. आमच्या सगळ्या खानदानात पहिला बी.एस्सी. मी, गप्प कसा बसणार?

"आभाळ मोजायलास का?"

"आभाळ न्हाई, कोन."

कंपासपेटीतला कोनमापक वेळूच्या नळीला बांधला आणि त्यावर दोऱ्यानं गवंड्याचा ओळंबा लटकवला. नळीतून ठिपका धरायचा, दोरा कुठं येतो ते वाचायचं. असंच दुसरं यंत्र करून मास्तरांना पाठवलं. वेळ एकच हवी, म्हणून दोन्ही गावांत पंचायतीच्या रेडिओवर संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला की डोळा लावायचा, असं ठरलं. मास्तरांचा होकार इतक्या तातडीनं आला, की बहीण चुलीपुढं तोंड लपवून हसली.

दुसऱ्या दिवशी बापलेक यंत्र घेऊनच आले. त्यांचा कोन आणि आमचा कोन, उन्नीस-बीसचाही फरक नव्हता.

मी काठीनं जमिनीवर दोन गावं काढली. "मामा, बला आमच्या डोक्यावर असती तर आमाला मान मोडून बघावं लागलं असतं, आन तुमाला ती पार बाभळीच्या शेंड्याला टेकलेली दिसली असती. दोघांना सारखीच दिसती, म्हणजे लय लांब हाय. कुणाच्याच गावावर न्हाई."

"मग हाय तरी काय?"

"अंधार पडेपर्यंत नळीतून बघत ऱ्हावा."

ठिपका खाली सरकेल तशी मी नळी खाली करत गेलो. मामांनी डोळा काढला नाही. ऊन गेलं, आभाळ काळवंडलं, ठिपका झळाळायला लागला. मामांनी नळी बाजूला सारून उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

"आरं, ही तर शुक्राची चांदणी!"

"दिवसा बी असतीच ती. यंदा नजरंत भरली, एवढंच."

आमचे वडील मागंच उभे होते. शुक्र बुडालेला असला की आमच्याकडं लग्नं थांबतात, वर आला की मुहूर्त निघतात. ते शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, शुक्र एवढा वर असताना तुमी लगीन कशापायी अडवायलात?"

मामा खदाखदा हसले. "उद्याच जोशीबुवाकडं जातो. मास्तर, चला, गाडी जुंपा."

मास्तर हलेनात. ते अजून आपल्या नळीतून बघत होते, आणि नळी आमच्या सैपाकघराकडं वळलेली होती.