तिसऱ्या खांबामागची वाळू

मोजणीदारांना नदी तोंडपाठ आहे, असं कचेरीत सगळे म्हणत. ते खरंही होतं. पाठ झालेली गोष्ट माणूस पुन्हा बघत नाही, एवढंच काय ते. बावीस वर्षं, दर साली पूर ओसरला की ते फुटांच्या खुणा केलेली लोखंडी सळई खांद्यावर टाकून पुलाखाली जात, तिसऱ्या खांबामागे ती वाळूत खुपसत, खाली खडक लागला की खूण वाचत आणि वहीत आकडा लिहीत. नऊ फूट. कधी सव्वानऊ. या आकड्यावरून वर्षभरात नदीतून किती वाळू उपसायची ते ठरे, आणि ट्रकवाले त्याहून थोडी जास्त उपसत, कारण शेवटी तीही माणसंच.

तिसराच खांब का, हे त्यांना आधीच्या मोजणीदारांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं. तिथे पुलाची सावली पडते, पाय ओले होत नाहीत आणि खांबाला एक खिळा आहे, त्याला जेवणाचा डबा अडकवता येतो. शास्त्राचा पाया इतका भक्कम असल्यावर शंका कशाला काढायची? त्यांनी कधी काढली नाही.

कचेरीत त्यांच्या खुर्चीमागे एक मोठा तक्ता होता, साहेबांनी हौसेने रंगवून घेतलेला. निसर्गाच्या संपत्तीचे तीन रकाने. पहिल्यात ऊन आणि वारा, म्हणजे कितीही वापरा, संपणार नाहीत. त्यांचे परवाने निघत नसल्यामुळे साहेबांना त्यांच्यात फारसा रस नव्हता. दुसऱ्यात कोळसा आणि खनिज तेल. कोट्यवधी वर्षांपूर्वीची जंगलं गाळाखाली गाडली गेली, दबली, तापली, तेव्हा कुठे कोळसा झाला. एकदा जाळला की संपला, म्हणून जपून. तिसऱ्यात लाकूड, मासे, पाणी आणि त्यांच्याखाली वाळू. ही आपोआप पुन्हा भरून येणारी. वाळूपुढे बारीक अक्षरांत पुरावाही दिला होता: मोजणीदारांची वही. स्वतःची वही भिंतीवर लागण्याचा मान कितीजणांना मिळतो! घरी कुणी आलं की पाणी पुढे करायच्या आधी ते तक्त्याचा विषय काढत.

बायकोला त्या तक्त्याचं कौतुक नव्हतं, कारण पाणी तिला ओढावं लागे. घरामागची विहीर नदीला लागूनच. तरी दोन वेळा दोर वाढवून झाला होता, आणि यंदा पूर ओसरून महिना होतो न होतो तोच बादली तळाला घासून वर आली, ती अर्धी चिखलाने भरून. मोजणीदारांनी नेहमीसारखी समजूत घातली. नदीत वाळू भरपूर आहे, वाळूच पुराचं पाणी धरून ठेवते आणि हळूहळू विहिरीला पुरवते, तेव्हा विहीर आटणं शक्यच नाही. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "अहो, एकदा विहिरीलाही वही वाचून दाखवा. तिला कळलेलं दिसत नाही."

हे मात्र त्यांना लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सळई घेऊन निघाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिसरा खांब ओलांडून, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, पात्राच्या मधोमध गेले. सळई जेमतेम अर्धा फूट आत गेली आणि खडकावर ठण्णकन वाजली. दहा पावलांवर पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्यांनी तीस ठिकाणी सळई खुपसली. कुठेही अर्ध्या फुटाच्या वर वाळू नव्हती.

ओढ्यात खेळणाऱ्या पोराला जे कळतं ते मोजणीदारांना निवृत्तीला चार महिने उरले असताना कळलं. वाहतं पाणी आडोशाला मंदावतं आणि सोबत आणलेलं तिथे टाकून देतं. नदी सगळी खरवडून नेली असती तरी खांबामागे नऊ फूट वाळू राहिलीच असती. डोंगरातला खडक उन्हाने तडकायचा, थंडीने फुटायचा, पाण्यासोबत गडगडत झिजायचा, तेव्हा हजारो वर्षांनी त्याची वाळू व्हायची. नदी दर पुरात त्यातली थोडी आणतही होती. ट्रक तेवढी दुपारच्या जेवणाआधी नेत होते. मोजणीदारांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. नऊ फूट लिहावं तर आणखी एक वर्ष उपसा आणि विहिरीचा निकाल. अर्धा फूट लिहावं तर बावीस वर्षं आपण झक मारली हे स्वतःच्या सहीने कबूल करायचं.

रात्रभर कूस बदलून झाल्यावर त्यांनी अर्धा फूट लिहिलं आणि वही घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. खांब, सावली, खिळा, डबा, काही लपवलं नाही. साहेबांनी मान हलवत ऐकलं. हाताखालचा माणूस आपली चूक कबूल करत असला की वरिष्ठांना फार शांत वाटतं. ऊन कडक होतं, वय झालं, असं होतं कधीकधी, असं ते म्हणाले. शिवाय नियमच होता. एखादा आकडा मागच्या आकड्यांशी अजिबात जुळत नसेल तर तो सोडून द्यायचा आणि जुन्या आकड्यांची सरासरी धरायची. साहेबांनी स्वतः लाल पेन काढलं, अर्ध्या फुटावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, नऊ फूट एक इंच.

"बावीस वर्षांत तुमचा आकडा एकदाही चुकलेला नाही," साहेब मायेने म्हणाले. "एका दिवसाच्या उन्हापायी मी तुमच्यावर अविश्वास दाखवू?"

परवान्यांवर संध्याकाळच्या आत सह्या झाल्या. मोजणीदार घरी आले तेव्हा बायको विहिरीच्या काठावर बसून होती. बादलीभर पाणी झिरपून गोळा व्हायला आता घटकाभर थांबावं लागे. तिने विचारलं, ऐकलं का त्यांनी?

"ऐकलं ना," मोजणीदार तिच्या शेजारी बसत म्हणाले. "माझंच ऐकलं. बावीस वर्षं सांगत होतो ते."