गांधीबागेतली नहर

नागपूरला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या बहिणीच्या सासऱ्यांनी कधीच मनावर घेतली नाही. गांधीबागेत एका ठोक कापड दुकानात ते गुमास्ते होते आणि सगळा बाजार त्यांना काकाजी म्हणायचा. गावातली नाग नदी दिसली की आपण नाकाला रुमाल लावतो. काकाजींना मात्र तिथे घाट दिसत, घाटावर दुकानं दिसत आणि दुकानांवर दिवे लागलेलेसुद्धा दिसत. सत्तरच्या आसपासची गोष्ट आहे. मी भेटायला गेलो की बहिणीने चहा टाकायच्या आत ते मला गच्चीवर नेत आणि मांजरपाटाचा भलामोठा तुकडा अंथरत. त्यावर अख्खं शहर काढलेलं! रस्ते पेन्सिलीचे, आणि नदी व तिच्यातून बाजारात शिरणारे कालवे, म्हणजे काकाजींच्या भाषेत नहरी, कपड्यांना घालायच्या निळीचे. गुडघे टेकून त्या शहरावर रांगायला लागले की काकाजी कुणाला आवरत नसत. "स्टेशनवरून कापडाची गाठ आली, का टाकली नावेत! हातगाडीले तीन घंटे लागते, नावेले किती? सांगा!" मी तोंड उघडायच्या आत "अर्धा!" म्हणून माझ्याच मांडीवर थाप. वाहतूक स्वस्त झाली की कापड स्वस्त, कापड स्वस्त झालं की सावनेरचं गिऱ्हाईक इथे येणार, बायको बरोबर असली तर तिला नावेत बसवणार, म्हणजे नावाडी आला, चहावाला आला, पाठोपाठ पानवालाही आलाच. "आज लोकं नाल्याकडे पाठ करून राहून राहिले. उद्या त्याच भिंती फोडून दुकानाची दारं काढतीन!" स्वतःच्या घरातली मागची मोरी त्यांनी आधीच हलवली होती, कारण तिथे दार यायचं होतं. त्या मोरीवरून काकू त्यांच्याशी महिनाभर बोलत नव्हत्या.

दुकानातला हमाल संपत एकदा हे सगळं ऐकून म्हणाला, "मंग माही हातगाडी गेली त मी काय करू?"

"तू? तू नावाडी!"

"मले पोहता येत नाही न, काकाजी."

झालं! पुढच्या रविवारपासून काकाजी संपतला गावाबाहेरच्या एका विहिरीवर नेऊ लागले. त्याच्या कमरेला दोर, आणि वरून यांचे हुकूम, "हात मार गा, हात मार! काहून भिऊन राहिला?" काकाजींना स्वतःला पोहता येत नाही, हे विहिरीवर सगळ्यांना ठाऊक होतं. संपत मात्र दोन महिन्यांत झकास पोहायला लागला.

खूप खेटे घातल्यावर शहराचे नकाशे करणाऱ्या कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांची दहा मिनिटांची वेळ मिळाली. या दहा मिनिटांच्या आशेवर काकाजींनी बारा वर्षं काढली होती. नवं धोतर नेसून, मला बरोबर घेऊन ते गेले. मांजरपाटाने साहेबांचं टेबल झाकलं, दोन खुर्च्या झाकल्या. काकाजी दम न घेता बोलत होते आणि साहेब हसण्याऐवजी पुढे वाकून ऐकत होते. मला वाटलं, जमलं! एवढ्यात साहेबांनी एका निळ्या बाणावर बोट ठेवलं.

"उन्हाळ्यात पाणी कन्हान नदीतून आणणार?"

"हो न! तिथं काय कमी आहे?"

"पण काकाजी, आपली नाग कन्हानकडे वाहत जाते. कन्हान खाली आहे, आपण वर."

 दुकानात ठाणाची घालावी तशी काठाला काठ लावून काकाजींनी शहराची घडी घातली. साहेबांनी दारापर्यंत पोचवलं, पण काकाजींचं लक्ष नव्हतं.

बाहेर संपत हातगाडी घेऊन उभा होता. "काय म्हणले साहेब?"

"पाणी चढावर येत नाही म्हणते, संपत."

संपतने गाडीच्या दांडीवर थाप मारली. "चढावर कोणतीच गोष्ट आपल्या मनानं येत नाही, काकाजी. ओढावं लागते. मी रोजच ओढून राहिलो न?"

काकाजी हसले. डोळे भरून आले तरी हसतच राहिले, आणि ती घडी त्यांनी संपतच्या गाडीवर ठेवली. मी शिकलेला माणूस, शिवाय त्यांचा व्याह्यांकडचा पाहुणा. साहेबांच्या टेबलापासून गाडीपर्यंत मी त्यांच्या शेजारून चाललो, आणि मला एक शब्दही सुचला नव्हता.